कृष्णविवर कुठल्या भांड्यात ठेवलंय?

विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचं तापमान २.७२५ केल्व्हिन आहे. कृष्णविवरालाही तापमान असतं आणि त्यानुसार ते मंद प्रारण बाहेर टाकतं. बरोबर याच तापमानाचं कृष्णविवर हवं असेल, तर त्याचं वस्तुमान ४५ वर २१ शून्यं इतके किलो लागेल, म्हणजे चंद्राच्या साधारण ६० टक्के. त्याच्या क्षितिजाची, म्हणजे जिच्या आत गेलेला प्रकाशही परत येत नाही त्या सीमेची, त्रिज्या ०.०६७ मिलिमीटर भरेल, जवळपास केसाच्या जाडीएवढी. असं कृष्णविवर जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल तेवढीच आजूबाजूच्या प्रारणातून आत घेईल. तापमान सारखं, देवाणघेवाण सारखी, म्हणजे समतोल झाला.

पण हा समतोल पालथ्या वाटीच्या पाठीवर ठेवलेल्या गोटीसारखा आहे. कृष्णविवराने चुकून थोडी जास्त ऊर्जा गिळली की त्याचं वस्तुमान वाढतं, आणि वस्तुमान वाढलं की तापमान उतरतं. आता ते आजूबाजूपेक्षा थंड, म्हणून आणखी गिळतं, आणखी थंड होतं. उलट थोडी ऊर्जा जास्त बाहेर गेली तर ते हलकं आणि गरम होतं, मग आणखी वेगाने ऊर्जा टाकतं आणि शेवटी संपून जातं. ऊर्जा दिली की थंड होणाऱ्या वस्तूची उष्माधारकता ऋण असते, आणि ऋण उष्माधारकतेची वस्तू अमर्याद मोठ्या उष्णतासाठ्याशेजारी टिकत नाही.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच लेखांत येते आणि तिथेच थांबते. वाचणाऱ्याला वाटतं, ऋण उष्माधारकता हा कृष्णविवराचा जन्मजात स्वभाव आहे. तसं नाही. कृष्णविवराची उष्मागतिकी क्षितिजापाशी जेवढी ठरते, तेवढीच क्षितिजापासून फार दूर अवकाशकाल कसा वळलाय यावरही ठरते. थोडक्यात, भांडं कुठलं ते सांगितल्याशिवाय स्थिर की अस्थिर हा प्रश्नच अर्धवट राहतो.

आधी सगळीकडे लागणारी आकडेमोड पाहू. गोल, न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी एक फलन लिहितात. एखाद्या अंतरावरचं स्थिर घड्याळ दूरच्या घड्याळाच्या मानाने किती हळू चालतं, त्या प्रमाणाचा वर्ग म्हणजे हे फलन. साध्या, रिकाम्या अवकाशातल्या कृष्णविवरासाठी ते असतं १ वजा (क्षितिजाची त्रिज्या भागिले अंतर). क्षितिजावर ते शून्य होतं. तापमान काढायचं तर तीनच कामं: फलन शून्य होतं ती त्रिज्या शोधायची, तिथे फलनाचा उतार किती ते काढायचं, आणि त्या उताराला ४ × पाय, म्हणजे १२.५७ ने भागायचं. आलेल्या उत्तराला २.२९ मिलिमीटर-केल्व्हिनने गुणलं की केल्व्हिनमध्ये तापमान मिळतं. हा २.२९ चा आकडा म्हणजे प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि बोल्ट्समनचा स्थिरांक यांची एकत्र बांधलेली पुरचुंडी.

पडताळून बघा. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या २,९५४ मीटर. क्षितिजापाशी उतार दर मीटरला १ भागिले २,९५४. त्याला १२.५७ ने भागून ०.००२२९ मीटर-केल्व्हिनने गुणलं की ०.०००००००६ केल्व्हिन येतात. हॉकिंग यांनी १९७४ साली मांडलेलं तापमान ते हेच.

उतारातून तापमान का निघतं? काळाच्या जागी काल्पनिक काळ घातला की क्षितिजाजवळचा अवकाशकाल कागदाच्या चकतीसारखा दिसू लागतो. क्षितिज म्हणजे चकतीचं केंद्र, आणि काळ म्हणजे केंद्राभोवती फिरण्याचा कोन. फेरी पुरी ३६० अंशांची असेल तर चकती सपाट राहते. फेरीचा थोडा भाग कापून कडा जोडल्या तर चणेवाल्याच्या कागदी पुडीसारखा शंकू होतो आणि केंद्रात टोक उभं राहतं. क्षितिजाच्या जागी असं टोक समीकरणांना चालत नाही. म्हणून काल्पनिक काळाची फेरी किती लांबीची हवी ते सक्तीने ठरतं, आणि त्या लांबीचा व्यस्त म्हणजेच तापमान. ही युक्ती वक्र अवकाशकाल कितीही चमत्कारिक असला तरी चालते, फक्त क्षितिज असायला हवं.

एन्ट्रॉपीचा, म्हणजे आतली मांडणी किती प्रकारे होऊ शकते याच्या मापाचा, हिशोब सोपा आहे. क्षितिजाचं क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या वर्गाने भागा, चार ने भागा. सूर्याएवढ्या कृष्णविवराला उत्तर येतं १ वर ७७ शून्यं. हे क्षेत्रफळ एरवी घटत नाही, आणि ही गोष्ट आता नुसती कागदावरची राहिलेली नाही. १४ जानेवारी २०२५ ला, आपल्याकडच्या संक्रांतीच्या दिवशी, दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्याच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. आधीच्या दोघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतरच्या एकाचं सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजार, म्हणजे या दोन आकड्यांच्या मधलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा असल्याच लहरी पकडण्यासाठी आहे.

आता भांड्याकडे. आरशाच्या भिंतींची बंद पेटी घ्या. तिच्यात एक कृष्णविवर आणि त्याच्याच तापमानाचं प्रारण कोंडा. बाहेरून काही येत नाही, आतून काही जात नाही. कृष्णविवरातून थोडी ऊर्जा निसटून प्रारणात गेली असं समजा. दोघांचंही तापमान वाढेल. प्रश्न एवढाच की कुणाचं जास्त. कृष्णविवराची १ टक्का ऊर्जा गेली की त्याचं तापमान १ टक्का वाढतं. प्रारणाची ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून प्रारणाचं तापमान १ टक्का वाढवायला ४ टक्के ऊर्जा घालावी लागते. निसटलेली ऊर्जा तीच, पण प्रारणाचा एकूण साठा कृष्णविवराच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असेल तर प्रारण जास्त तापतं आणि ऊर्जा परत आत ढकलली जाते. गोटी आता वाटीच्या आत आहे. साठा चतुर्थांशापेक्षा जास्त असेल तर ती पुन्हा पाठीवर.

सुरुवातीच्या २.७२५ केल्व्हिनच्या कृष्णविवरासाठी ही पेटी केवढी? सूक्ष्मलहरी प्रारणाची घनता इतकी विरळ आहे की कृष्णविवराच्या पाव वस्तुमानाएवढं प्रारण जमवायला १९ प्रकाशवर्षं त्रिज्येचा गोल लागतो. म्हणजे केसाएवढ्या वस्तूला स्थिर ठेवणारं भांडं व्याध ताऱ्याच्याही दुप्पट पलीकडे गेलं तरी चालतं, फक्त ते बंद हवं.

पेटीचा दुसरा प्रकार म्हणजे भिंतीचं तापमान बाहेरून कायम राखायचं. १९८६ साली यॉर्क यांनी हा हिशोब नीट केला. इथे बहुतेकांची एक चूक होते. वरच्या पद्धतीने काढलेलं तापमान अनंत अंतरावरच्या थर्मामीटरचं असतं, आणि ते तसंच भिंतीवर चिकटवलं जातं. गुरुत्वात समतोल असताना तापमान सगळीकडे सारखं नसतं. खाली जास्त, वर कमी असतं. टोलमन यांनी १९३० मध्ये हे दाखवलं. पृथ्वीवर ३०० केल्व्हिनला हा फरक दर मीटरला एका केल्व्हिनच्या तीस लाख कोटीव्या भागाएवढा येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण क्षितिजाजवळ तोच आकडा पार बेफाम होतो. भिंतीवरचं खरं तापमान म्हणजे दूरचं तापमान भागिले फलनाचं वर्गमूळ. ही दुरुस्ती केली की भिंतीच्या एकाच तापमानाला दोन कृष्णविवरं सापडतात, एक लहान आणि एक मोठं. लहान अस्थिर, मोठं स्थिर. भिंत क्षितिजाच्या दीडपट त्रिज्येच्या आत असेल तर स्थिर, बाहेर असेल तर अस्थिर. टोलमनची दुरुस्ती विसरलात तर मोठं कृष्णविवर दिसतच नाही आणि उत्तर येतं की कृष्णविवरं सगळीच अस्थिर.

अर्थात एवढ्या जवळ, एवढ्या उष्णतेत टिकणारी आरशाची भिंत कशाची बांधणार, हे कुणी विचारू नये. म्हणूनच ज्या अवकाशकालाची भिंत तो स्वतःच आहे, त्याचं महत्त्व.

अँटी-डी सिटर अवकाशकाल म्हणजे ज्याची वक्रता सगळीकडे सारखी आणि ऋण आहे असा. त्याची एक स्वतःची लांबी असते, तिला वक्रतालांबी म्हणू. उदाहरणापुरती ती १ मीटर धरू. अशा अवकाशात मध्यभागातून टॉर्च मारली तर प्रकाश अनंत अंतरावरच्या सीमेपर्यंत जाऊन, तिथून परावर्तित होऊन, मध्यभागच्या घड्याळाप्रमाणे साडेदहा नॅनोसेकंदांत परत येतो. चेंडू फेकला तर तो सीमेपर्यंत पोहोचत नाही, पण कितीही जोराने फेका, परत येतो तोही साडेदहा नॅनोसेकंदांतच. सीमेवरून सगळं परत फिरेल अशी अट घातली की हा अवकाश म्हणजे बंद पेटीच.

यातल्या कृष्णविवराचं फलन पूर्वीसारखंच, फक्त अंतराने भागायच्या पदात क्षितिजाच्या त्रिज्येऐवजी वस्तुमानावरून ठरणारी लांबी असते, आणि एक वाढीव पद येतं, ते म्हणजे अंतराचा वर्ग भागिले वक्रतालांबीचा वर्ग. वक्रतालांबी १ मीटर असताना क्षितिजापाशी उतार किती? क्षितिजाच्या त्रिज्येचा वर्ग करा, तिपटीने वाढवा, १ मिळवा आणि त्रिज्येने भागा. आता त्रिज्या वाढवत जाऊ आणि तापमान मिलिकेल्व्हिनमध्ये लिहू. त्रिज्या १० सेंटिमीटर असताना १.८८. ३३ सेंटिमीटरला ०.७३. ५८ सेंटिमीटरला ०.६३. १ मीटरला पुन्हा ०.७३. २ मीटरला १.१८.

हे आकडे एकदा सावकाश बघा. तापमान आधी उतरतं, ५८ सेंटिमीटरला (नेमकं सांगायचं तर वक्रतालांबी भागिले तीनचं वर्गमूळ) तळ गाठतं, मग चढतं. लहान कृष्णविवराला आपण पेटीत आहोत याचा पत्ताच नसतो, म्हणून त्याचा स्वभाव जुनाच. मोठं कृष्णविवर मात्र भांड्याच्या भिंतीला टेकलेलं असतं. त्याला ऊर्जा दिली की ते तापतं, चहाच्या आधणासारखं. ०.६३ मिलिकेल्व्हिनच्या खाली कृष्णविवर शक्यच नाही, तिथे नुसतं प्रारण.

मग ०.६३ च्या वर काय असेल, प्रारण की कृष्णविवर? याचं उत्तर हॉकिंग आणि डॉन पेज यांनी १९८३ मध्ये दिलं. तापमान ठरलेलं असताना निसर्ग मुक्त ऊर्जा कमी करतो. मुक्त ऊर्जा म्हणजे ऊर्जेतून तापमान आणि एन्ट्रॉपीचा गुणाकार वजा. प्रारणाची मुक्त ऊर्जा कृष्णविवराच्या मानाने जवळपास शून्य. कृष्णविवराची मुक्त ऊर्जा त्रिज्या वक्रतालांबीपेक्षा कमी असेल तर धन, जास्त असेल तर ऋण, आणि बरोबर १ मीटरला शून्य. म्हणजे ०.६३ ते ०.७३ मिलिकेल्व्हिनच्या पट्ट्यात मोठं कृष्णविवर तयार झालं तर टिकेल, पण प्रारणच सरस. ०.७३ च्या वर कृष्णविवर सरस. या रेषेवर प्रारणाचं कृष्णविवर होणं हे पाण्याची वाफ होण्यासारखं खरंखुरं अवस्थांतर आहे, अप्रकट उष्मेसकट.

आणि ही अप्रकट उष्मा केवढी? मुक्त ऊर्जा शून्य आहे, म्हणजे ऊर्जा आणि तापमान गुणिले एन्ट्रॉपी यांची बरोबरी झालेली आहे. तेव्हा कृष्णविवराची सगळीच्या सगळी ऊर्जा अप्रकट उष्माच! १ मीटरच्या आपल्या उदाहरणात हे वस्तुमान सुमारे १३५ वर २५ शून्यं किलो येतं, गुरूच्या ७० टक्के. मिलिकेल्व्हिनपेक्षाही थंड साठ्यातून एवढी उष्णता ओढायची, आणि मधे डोंगर पार करायचा. तो डोंगर म्हणजे त्याच तापमानाचं ३३ सेंटिमीटरचं लहान कृष्णविवर. त्याची मुक्त ऊर्जा धन आहे. योगायोगाने चढउतार होऊन तेवढं कृष्णविवर आधी तयार व्हावं लागतं. पाण्यात बुडबुडा ठराविक आकाराचा होईपर्यंत विरघळत राहतो, तसंच हे.

हा हिशोब करताना दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. पहिलं, मुक्त ऊर्जा थेट काढायला गेलं तर अनंत उत्तर येतं, कारण अवकाशाचं आकारमानच अनंत. मग रिकाम्या अवकाशाची अनंत राशी वजा करायची. पण ती नुसती वजा करून भागत नाही. दूरवर एक काल्पनिक भिंत उभी करून, तिथे दोन्ही अवकाशांतल्या काल्पनिक काळाच्या फेरीची लांबी आधी जुळवून घ्यावी लागते. जुळवली नाही तर मागे राहणारा छोटा फरक अनंत आकारमानाने गुणला जातो आणि उत्तर बिघडतं. दुसरं, तापमान कायम ठेवलंय की ऊर्जा, हे स्पष्ट नसतं. तापमान कायम असेल तर लहान कृष्णविवर कधीच जिंकत नाही. पण ऊर्जा कोंडून ठेवली असेल तर पाव हिश्श्याचा जुना नियम परत येतो आणि लहान कृष्णविवरही खुशाल टिकू शकतं.

एक सूक्ष्म गोष्ट. अँटी-डी सिटरमध्ये गोल नव्हे तर सपाट, अनंत पसरलेलं क्षितिजही असू शकतं. तिथे तापमान त्रिज्येच्या सरळ प्रमाणात. ना तळ, ना अवस्थांतर. गोलाची स्वतःची वक्रता आणि अवकाशाची वक्रता यांची चढाओढ होती म्हणून तळ आला होता. सपाट क्षितिजात चढाओढच नाही.

हे सगळं काल्पनिक विश्वाचं, कारण आपल्या विश्वाची दूरवरची वक्रता ऋण नाही. तरीही या विषयावर एवढे कागद का भरले गेले? १९९७ मध्ये माल्दासेना यांनी सुचवलं की अशा अवकाशातलं गुरुत्व आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वविरहित क्वांटम सिद्धांत एकच आहेत. पुढच्याच वर्षी विटेन यांनी दाखवलं की हॉकिंग-पेज अवस्थांतर म्हणजे सीमेवरच्या सिद्धांतात बांधलेल्या कणांचं सुटं होणं. प्रोटॉनमधले क्वार्क मोकळे होतात त्याची ही चुलत भावंडं म्हणता येतील. सख्खी नव्हेत, हे मात्र अनेकदा सांगायचं राहून जातं.

विद्युतभार घातला की चित्र आणखी ओळखीचं होतं. भारित कृष्णविवरात लहान-स्थिर, मधलं-अस्थिर आणि मोठं-स्थिर अशा तीन फांद्या मिळतात, अगदी वायू आणि द्रव यांच्या आलेखासारख्या. वैश्विक स्थिरांकाला, म्हणजे रिकाम्या अवकाशाची वक्रता ठरवणाऱ्या आकड्याला, दाब मानलं तर कृष्णविवराचं वस्तुमान म्हणजे नुसती ऊर्जा नव्हे, एन्थाल्पी (ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) ठरते. २०१२ मध्ये कुबिझ्नाक आणि मान यांनी हा हिशोब तडीस नेला. क्रांतिक बिंदूवर, म्हणजे दोन अवस्थांमधला फरक पुसला जातो तिथे, दाब गुणिले विशिष्ट आकारमान भागिले तापमान याचं उत्तर येतं ३/८. व्हॅन डर वाल्सच्या वायूचं हेच उत्तर, तेही ३/८, म्हणजे ०.३७५. गंमत अशी की खऱ्या पाण्याचं हे गुणोत्तर ०.२३ भरतं. व्हॅन डर वाल्सचं समीकरण पाण्यापेक्षा कृष्णविवरच जास्त इमानाने पाळतं.

क्षितिजाच्या उष्मागतिकीचा एक धागा पुण्यातून जातो. आयुकातले थानू पद्मनाभन यांनी २००२ मध्ये दाखवलं की गोल क्षितिजापाशी आइनस्टाइनचं समीकरण लिहिलं तर ते शब्दशः उष्मागतिकीचा पहिला नियम होतं: तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल, वजा ऊर्जेतला बदल, बरोबर दाब गुणिले आकारमानातला बदल. म्हणजे ही साम्यं हॉकिंगच्या कृष्णविवरापुरती नाहीत, गुरुत्वाच्या समीकरणांतच बसलेली आहेत.

आता आपल्या स्वतःच्या भांड्याकडे, कारण तिथे खरी पंचाईत आहे. आपलं विश्व वेग घेत प्रसरण पावतंय, आणि फार पुढे ते डी सिटर अवकाशकालाच्या, म्हणजे रिकाम्या आणि सगळीकडे सारख्या धन वक्रतेच्या अवकाशकालाच्या, जवळ जाईल. तिथे दूर एक वैश्विक क्षितिज असतं आणि गिबन्स-हॉकिंग यांच्या १९७७ च्या हिशोबाप्रमाणे त्यालाही तापमान असतं. आपल्या आकड्यांनी ते येतं २.२ भागिले १ वर ३० शून्यं केल्व्हिन. अशा विश्वात कृष्णविवर ठेवलं की क्षितिजं दोन, तापमानं दोन. कृष्णविवर नेहमी वैश्विक क्षितिजापेक्षा गरम. मधल्या जागेत एकच तापमान नांदू शकत नाही, म्हणून समतोलही नाही. काल्पनिक काळाच्या भाषेत, एका टोकाची पुडी सपाट केली की दुसऱ्या टोकाला शंकू राहतो.

शिवाय थर्मामीटर कुठे टांगायचा हा प्रश्न उरतो. साध्या अवकाशात दूरचं घड्याळ प्रमाण मानता येतं. इथे दूर म्हणजे दुसरं क्षितिज. तिथे घड्याळ ठेवायची सोय नाही. त्यातल्या त्यात चांगली जागा म्हणजे दोन क्षितिजांच्या मधली ती जागा, जिथे कृष्णविवराची ओढ आणि प्रसरणाची ढकल बरोबर फिटतात आणि वस्तू जागच्या जागी तरंगते. बूसो आणि हॉकिंग यांनी तिथलं घड्याळ वापरा असं सुचवलं. सूर्याएवढ्या कृष्णविवराला यामुळे दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. पण वस्तुमान वाढवत नेलं, तर सुमारे २ वर २२ शून्यं सूर्यांएवढं झाल्यावर दोन्ही क्षितिजं एकाच आकाराची होतात. त्यापुढे कृष्णविवर मावतच नाही. या टोकाला नेहमीच्या घड्याळाने तापमान शून्य येतं, आणि तरंगत्या जागेच्या घड्याळाने रिकाम्या डी सिटरच्या १.७३ पट, म्हणजे ३.८ भागिले १ वर ३० शून्यं केल्व्हिन.